कोळसा, मीठ आणि तापलेला दगड: रूपांतरित खडकांची विद्युतवाहकता मोजायला शिकताना

सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या माळावर, घर बांधलं की वायरमन एकदा तरी कपाळाला हात लावतो. "कातळात अर्थिंग कसा लागतला, सर?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तरही तोच देतो आणि मी फक्त मान डोलावतो. जांभा मे महिन्यात कडकडीत वाळतो आणि त्यात पुरलेली तांब्याची पट्टी असून नसल्यासारखी होते. मग ठरलेला उपाय: खोल खड्डा, कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, मधोमध पाइप, आणि उन्हाळाभर त्यात बादलीभर पाणी.

भौतिकशास्त्र शिकवताना हा खड्डा मी फळ्यावर काढतो, कारण पृथ्वीच्या खोल कवचाबद्दलचा एक जुना वाद नेमका याच दोन जिन्नसांवर आहे. खंडांच्या कवचाचा खालचा भाग बऱ्याच ठिकाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वीज वाहून नेतो. तिथले खडक बहुतेक रूपांतरित, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेले: नाइस, अँफिबोलाइट, ग्रॅन्युलाइट. कोरडे असले तर ते जवळजवळ निरोधकच. मग वीज वाहते कशातून? एक पक्ष म्हणतो कणांच्या सीमांवर पसरलेल्या ग्रॅफाइटमधून, म्हणजे कोळशाच्या भावंडातून. दुसरा म्हणतो खारट द्रवातून. तिसरा म्हणतो, आधी नुसत्या उष्णतेने काय होतं ते नीट मोजा, मग बोला.

हा लेख त्या तिसऱ्या पक्षाच्या कामाबद्दल आहे. प्रयोगशाळेत पहिल्यांदा दगड हातात घेणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलामुलींसाठी, आणि ज्यांना उगाच कुतूहल आहे त्यांच्यासाठीही.

दगड निवडताना

रत्नागिरीपासून उत्तरेला कोकणात जिकडे बघाल तिकडे काळवत्री आणि तिच्यावर जांभा. काळवत्री म्हणजे बेसाल्ट, तो अग्निजन्य. जांभा तर झिजेतून तयार झालेला. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. रूपांतरित खडक हवा असेल तर दक्षिणेला, सिंधुदुर्गात या. कणकवली, कुडाळ, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यात बेसाल्टच्याही आधीचं जुनं कवच उघडं पडलेलं आहे: नाइस, अभ्रकाचे शिस्ट, काळपट अँफिबोलाइट, क्वार्ट्झाइट. इतरत्र हेच कवच बेसाल्टखाली दडलेलं असतं. घाटमाथ्यापलीकडे कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल पथदर्शी विवर खणलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट-नाइस लागला.

व्हाळातला गोटा उचलू नका. तो गुळगुळीत दिसतो, पण पावसाळ्यांनी त्याच्या फेल्स्पारची आतून माती करायला घेतलेली असते, आणि चिकणमाती विजेला फार सोयीची. रस्त्याच्या नव्या कटिंगमधला किंवा चालू खाणीतला ताजा तुकडा परवानगीने मागून घ्या. हातोड्याने मारल्यावर ठणठण वाजला पाहिजे. भद्द वाजला तर सोडून द्या. किल्ल्यांच्या परिसरात हातोडा काढायचाच नाही, ते संरक्षित असतात.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे त्याची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. क्वार्ट्झ किती, फेल्स्पार किती, अभ्रक किती, हॉर्नब्लेंड हे गडद खनिज आहे का, मॅग्नेटाइटचे काळे ठिपके आहेत का. ही यादी नसेल तर पुढे येणाऱ्या आकड्याला अर्थ नाही. मॅग्नेटाइट हा चांगला वाहक; त्याचे कण एकमेकांना टेकले की सगळी वीज तिथूनच जाते आणि तुम्ही नाइस मोजल्याच्या समजुतीत राहता.

कापताना दिशा लिहा

नाइसमध्ये पट्टे असतात, शिस्टमध्ये पापुद्रे. पट्ट्यांच्या दिशेने वाहकता वेगळी, आडवी मोजली तर वेगळी. म्हणून एकाच दगडातून दोन नमुने काढा, एक समांतर आणि एक लंब, आणि कापायच्या आधी मार्करने बाण काढा. नंतर आठवत नाही, हे अनुभवाने सांगतो.

उच्च दाबाच्या यंत्रासाठी नमुना लहान लागतो: साधारण ६ मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा दंडगोल. दोन्ही टोकं समांतर आणि गुळगुळीत हवीत.

वाळवताना: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

माझी पहिली मोजणी जुलैत केलेली. दगड कोरडा होता, म्हणजे हाताला कोरडा लागत होता. आकडा आला तो इतका चांगला की मला वाटलं काहीतरी शोध लागला. दोन दिवस मी आनंदात होतो. मग तोच नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवला, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार केला आणि पुन्हा मोजला, तर वाहकता हजारो पटींनी पडली. शोध लागला होता तो कोकणच्या पावसाळी हवेचा. दगडाच्या पृष्ठभागावर आर्द्रतेचा एक न दिसणारा थर बसतो, आपल्या हवेत त्यात समुद्राचं मीठ असतं, आणि वीज दगडात न शिरता त्याच्या अंगावरून सरळ पलीकडे जाते. हाताच्या घामानेही हेच होतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर चिमटा असतो आणि विद्यार्थ्याने बोटाने नमुना उचलला की मी ओरडतो.

क्रम असा ठेवा: आधी शुद्ध पाण्यात, मग अॅसिटोनमध्ये, मग अल्कोहोलमध्ये धुणं, नंतर किमान १२ तास ओव्हन, आणि मोजणीपर्यंत सिलिका जेलच्या सोबतीने बंद डबा. जेल निळं ते गुलाबी झालं की बदला. आपल्याकडे ते जून ते सप्टेंबर चार दिवसांत गुलाबी होतं.

मिठाचा हा खोडसाळपणा आकड्यांत बघण्यासारखा आहे. सच्छिद्र खडकासाठी गस आर्ची याने १९४२ मध्ये दिलेला ढोबळ नियम असा: खडकाची वाहकता म्हणजे आतल्या द्रवाची वाहकता गुणिले सच्छिद्रतेचा साधारण वर्ग. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५ सीमेन्स प्रति मीटर धरा. दगडात फक्त १ टक्का पोकळी असेल तर ०.०१ चा वर्ग ०.०००१, म्हणजे एकूण ०.०००५ सीमेन्स प्रति मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मल्टीमीटर बाजूला ठेवा

कोरड्या नाइसला मल्टीमीटर लावला तर पडद्यावर "ओएल" येईल, म्हणजे मापाच्या बाहेर. वायरमनचा मेगर, म्हणजे खूप मोठे रोध मोजायचं यंत्र, लावला तर काहीतरी आकडा दिसेल, पण तो हळूहळू वाढत जाईल. कारण एकाच दिशेचा प्रवाह लावला की दगडातले आयन सरकून इलेक्ट्रोडपाशी गर्दी करतात आणि मागच्यांची वाट अडवतात. तुम्ही दगड मोजत नाही, ती गर्दी मोजता.

म्हणून प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात, आणि तोही एका वारंवारतेचा नाही. सुमारे १० लाख हर्ट्झपासून खाली ०.१ हर्ट्झपर्यंत टप्प्याटप्प्याने येत प्रत्येक ठिकाणी दगडाचा प्रतिसाद नोंदवायचा. याला इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. आडव्या अक्षावर रोधाचा भाग, उभ्या अक्षावर धारितेचा भाग असा आलेख काढला की एक अर्धवर्तुळ उमटतं, उन्हाळ्यातल्या मांडवाच्या कमानीसारखं. कमानीची डावी बाजू जास्त वारंवारतेची. उजवीकडे ती जिथे जमिनीला टेकते, तो नमुन्याचा रोध. त्याच्या पुढे, अगदी कमी वारंवारतेला, एक शेपटी वर चढताना दिसते. ती इलेक्ट्रोडची, आपली नव्हे. नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे शेपटीचं टोक धरून रोध वाचणं.

कधी कमान दबलेली दिसते, कधी दोन कमानी एकमेकींत मिसळलेल्या. दोन असल्या तर साधारणपणे पहिली कणांच्या आतली वाट आणि दुसरी कणांच्या सीमांवरची. कोळसा-मिठाचा वाद सीमांवरचाच असल्याने दुसरी कमान दिसली की तिच्याकडे जरा जास्त बघा.

नुसतं तापवून का चालत नाही

कॉलेजात साधी भट्टी असते, मग दाबाच्या महागड्या यंत्राची गरजच काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. रास्त प्रश्न आहे.

दगडातली खनिजं तापली की वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. क्वार्ट्झ तर ५७३ अंश सेल्सियसला आपली रचनाच बदलतो आणि एकदम प्रसरण पावतो. उघड्या भट्टीत या तापमानाच्या पुढे गेलेला नाइस आतून तडकतो. तुम्ही गार करून पुन्हा मोजता तेव्हा तो वेगळाच दगड असतो. दाबाखाली तडे उघडायला जागा राहत नाही. शिवाय क्वार्ट्झचं ते रूपांतरही दाबाने पुढे सरकतं, दर ०.१ गिगापास्कलला सुमारे २५ अंश. म्हणजे १ गिगापास्कल दाबाला ते आठशेच्याही वर जातं आणि आपलं काम निर्धोक होतं.

१ गिगापास्कल म्हणजे जवळजवळ १० हजार वातावरणांचा दाब. जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर तो असतो, म्हणजे सर्वसाधारण खंडीय कवचाच्या तळाशी.

दाबाच्या पेटीत काय असतं

जर्मनीत बायरॉइट, चीनमध्ये ग्वेयांग अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत यासाठी अनेक ऐरणींचं यंत्र वापरतात. कल्पना सोपी आहे: कठीण धातूच्या ऐरणी एका छोट्या ठोकळ्याला सगळ्या बाजूंनी सारख्या दाबतात. ठोकळा बहुधा पायरोफिलाइट या मऊ खनिजाचा. त्यात पाणी बांधलेलं असतं, म्हणून तो आणि इतर भाग आधी भट्टीत भाजून घेतात, नाहीतर प्रयोगाच्या मधोमध ते पाणी सुटतं आणि पुन्हा तीच जुलैची गोष्ट.

ठोकळ्याच्या पोकळीत बाहेरून आत असं येतं: धातूची किंवा ग्रॅफाइटची तापक नळी, निरोधक म्हणून अॅल्युमिना किंवा मॅग्नेशियाची नळी, मध्ये जमिनीला जोडलेला धातूचा पातळ पडदा, आणि मग दोन चकत्यांच्या इलेक्ट्रोडमध्ये धरलेला आपला नमुना. तापमानासाठी थर्मोकपल नमुन्याला चिकटून. तो पडदा विसरू नका. तापकातला प्रवाह मोजणीत गळून येतो, तो पडद्यावर अडतो. अर्थिंग इथेही सुटत नाही.

इलेक्ट्रोड कोणत्या धातूचा, हा दिसायला क्षुल्लक पण खरा महत्त्वाचा निर्णय. मॉलिब्डेनम किंवा निकेल आपल्या ऑक्साइडबरोबर मिळून आतला ऑक्सिजन ठरावीक पातळीवर धरून ठेवतात. हॉर्नब्लेंड किंवा काळं अभ्रक असलेल्या दगडात लोह असतं. ऑक्सिजन वाढला की दोन भारांचं लोह तीन भारांचं होतं, आणि इलेक्ट्रॉन एका लोहावरून शेजारच्या लोहावर उड्या मारू लागतात. वाहकता त्यावरच ठरते.

प्रत्यक्ष मोजणीआधी एकदा रिकामी पेटी मोजा, म्हणजे नमुन्याच्या जागी निरोधक ठेवून. गरम झाल्यावर निरोधकही थोडा वाहक होतोच. त्याचा रोध नमुन्याच्या रोधापेक्षा निदान दहापट मोठा नसेल तर पेटी पुन्हा रचा.

क्रम कधी बदलू नका: आधी दाब हळूहळू चढवायचा, मग तापमान. परत येताना आधी गार, मग दाब उतरवायचा, तोही तासन्तास घेऊन. घाई केली की ठोकळा फुटतो, आणि तो आवाज ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा घाई करत नाही. यंत्राजवळ जाळीच्या आडून काम करा.

पहिली फेरी फेकून द्या

तापवत नेताना दर ५० अंशांना थांबून आलेख घ्या. वर पोचलात की त्याच टप्प्यांनी खाली या. पहिल्या फेरीत चढताना आणि उतरताना आकडे जुळत नाहीत: उरलीसुरली ओल जाते, इलेक्ट्रोड नीट बसतात. दुसरी, तिसरी फेरी घ्या. चढती आणि उतरती रेषा एकमेकींवर बसल्या की तोच खरा आकडा.

बसल्याच नाहीत तर? मग दगड तुमच्यासमोर बदलतोय. क्लोराइट, सर्पेंटाइन, अभ्रक, हॉर्नब्लेंड ही खनिजं आपल्या रचनेत पाणी बाळगतात आणि ठरावीक तापमानाला ते सोडतात. सर्पेंटाइन आधी, हॉर्नब्लेंड बरंच उशिरा. त्या क्षणी वाहकता एकदम उसळी घेते. ती उसळी स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, पण मूळ दगडाची वाहकता म्हणून तिची नोंद करू नका.

वहीतला हिशोब

समजा ६ बाय ६ मिलिमीटरचा नमुना, १ गिगापास्कल दाब. ४०० अंशांना रोध ४ कोटी ८० लाख ओहम आणि ६०० अंशांना २० लाख ओहम आला. वाहकता म्हणजे लांबी भागिले क्षेत्रफळ, भागिले रोध. या आकाराला लांबी भागिले क्षेत्रफळ सुमारे २१२ प्रति मीटर येतं. म्हणून ६०० अंशांना वाहकता २१२ ÷ २०,००,०००, म्हणजे साधारण ०.०००१ सीमेन्स प्रति मीटर. ४०० अंशांना त्याच्या २४ पट कमी.

आता सेल्सियस विसरा, केल्विन घ्या: ६७३ आणि ८७३. वाहकतेचा नैसर्गिक लॉगरिदम उभ्या अक्षावर, तापमानाचा व्यस्तांक आडव्यावर घेतला की बिंदू सरळ रेषेत येतात. हा अऱ्हेनियसचा नियम. रेषेच्या उतारातून सक्रियण ऊर्जा मिळते, म्हणजे वीज वाहणाऱ्या कणाला एका जागेवरून पुढच्या जागी उडी मारायला लागणारी ऊर्जा. आपल्या दोन बिंदूंवरून: २४ चा लॉगरिदम ३.१८, व्यस्तांकांतला फरक ०.०००३४०, बोल्ट्झमनचा स्थिरांक ०.००००८६२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट प्रति केल्विन. ३.१८ गुणिले स्थिरांक भागिले फरक, उत्तर सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दोन बिंदूंतून रेषा कुणीही काढेल; तुम्ही आठ-दहा घ्या. रेषा मध्येच मोडली तर वाहण्याची पद्धत बदलली असं समजा आणि दोन्ही भागांचा उतार वेगळा काढा.

दाबाचा परिणाम किती? दाब गुणिले सक्रियण आकारमान (त्या उडीसाठी लागणारी जादा जागा) एवढी ऊर्जा त्या ०.८ मध्ये मिळवायची. आकारमान दर मोलला १ घनसेंटिमीटर धरलं तर १ गिगापास्कलला फक्त ०.०१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भर पडते. ६०० अंशांना वाहकता त्याने जेमतेम १३ टक्के घटते. तापमानाने २४ पट, दाबाने १३ टक्के! दाबाचं मोठं काम तडे मिटवण्याचं, आणि ते पहिल्या काही शे मेगापास्कलमध्येच उरकतं.

आता मघाचा आकडा काढा. ६०० अंशांवरच्या कोरड्या नाइसचा ०.०००१. मालवणच्या समुद्रात भिजलेल्या, १ टक्का पोकळीच्या गार नाइसचा ०.०००५. तापवून तापवून जेवढं मिळालं, त्याच्या पाचपट नुसत्या खाऱ्या पाण्याने मिळालं. वाळवण्यावर मी एवढा का अडून बसतो ते आता कळलं असेल.

प्रयोगशाळेबाहेरच्या आकड्यांशी ताडून बघताना

खोल कवचाची वाहकता जमिनीवरून मोजायची पद्धत म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक्स. १९५० मध्ये रशियात तिखोनोव यांनी आणि १९५३ मध्ये फ्रान्समध्ये कान्यार यांनी तिचा पाया घातला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात नैसर्गिक चढउतार होत असतात, त्यांनी जमिनीत प्रवाह उमटतात; दोन्ही एकदम मोजून खालची रोधकता, म्हणजे वाहकतेचा व्यस्तांक, काढायची. किती खोल दिसतं याचा अंदाज मीटरमध्ये: ५०३ × √(रोधकता × आवर्तनकाल). १००० ओहम-मीटरच्या खडकात १ सेकंदाच्या लहरीला सुमारे १६ किलोमीटर, १० सेकंदांच्या लहरीला सुमारे ५०.

कोकणात हे काम जिकिरीचं आहे. एका बाजूला समुद्र, म्हणजे ०.२ ओहम-मीटरची प्रचंड वाहक चादर. किनाऱ्याजवळच्या मोजणीत ती हमखास डोकावते. दुसरीकडे विजेच्या तारा, आणि २०२२ पासून पूर्ण विद्युतीकरण झालेली कोकण रेल्वे. हे दुखणं जुनंच आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप निरुपयोगी होणार, म्हणून अलिबागला नवी वेधशाळा उभारली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेची, जिचं मुख्यालय पनवेलला आहे. या विषयात पुढे जायचं असेल तर हा पत्ता कोकणातल्या कोकणात आहे.

आलेले आकडे शेजारी मांडा. खालच्या कवचात बऱ्याच ठिकाणी रोधकता काही दहा ते काही शे ओहम-मीटर मिळते. आपल्या कोरड्या नाइसची, ६०० अंशांनासुद्धा, सुमारे १० हजार. जुन्या, थंड कवचाच्या तळाशी तापमान ४०० ते ६०० अंशांच्याच आसपास असल्याने आणखी तापवून फरक भरून काढता येत नाही. उष्णता पुरत नाही. कोळसा नाहीतर मीठ लागतंच. जिथे कवच खरोखर तापलंय तिथे थोडा वितळलेला खडकही चालतो.

जर्मनीतल्या बव्हेरियात १९९० ते १९९४ दरम्यान नाइस आणि तत्सम रूपांतरित खडकांत ९,१०१ मीटर खोल विवर खणलं गेलं. खाली काय सापडलं? भ्रंशांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागांच्या, घासलेल्या पृष्ठांवर ग्रॅफाइटचा लेप, आणि भेगांत खारट पाणी. दोन्ही. आमचा वायरमन हे ऐकून म्हणाला, "मगे मी काय सांगत होतंय?"

तुमच्या नमुन्यात ग्रॅफाइट आहे का हे मात्र दाबाच्या पेटीत घालण्याआधी बघा. पॉलिश केलेला तुकडा परावर्तित प्रकाशात ठेवा. कणांच्या सीमांवर करड्या चकचकीत रेघा दिसल्या की त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की तुटक, ते चित्र काढून वहीत चिकटवा. तुटक असतील तर त्या वाहकतेत फारशी भर घालत नाहीत. जोडलेल्या असतील तर तापमान वाढवूनही तुमची रेषा जवळजवळ आडवीच राहील, आणि ती का आडवी आहे हे सांगायला त्या चित्राशिवाय तुमच्याकडे दुसरं काही नसेल.